न्हाणीघरातील जुना काचेचा दरवाजा आणि चौकट कशी काढावी

छत्रपती संभाजीनगर, लातूर, नांदेड यांसारख्या शहरांतील अनेक सदनिकांमध्ये आणि बंगल्यांमध्ये शॉवरचा कोपरा वेगळा करण्यासाठी काचेचा आडोसा मोठ्या हौसेने बसवला गेला. तथापि ज्या लातूरला २०१६ साली मिरजेहून रेल्वेने पाणी पुरवावे लागले, त्या भागात शॉवरखाली निवांत उभे राहण्याची चैन फार काळ टिकत नाही. अंघोळ पुन्हा बादलीवर येते, पाणी साठवण्याचे ड्रम ठेवायला जागा अपुरी पडू लागते, घरातील वडीलधाऱ्यांना उंबरा ओलांडणे जड जाते आणि बोअरच्या पाण्यातील क्षार बसून पारदर्शक काच कायमची पांढरट दिसू लागते. ती स्वच्छ ठेवायची म्हटले तरी पाणीच लागते. अशा वेळी हा आडोसा काढून टाकणे हा शहाणपणाचा निर्णय ठरतो आणि काचेचे वजन आवाक्यातले असेल तर दोन धडधाकट माणसांना हे काम घरच्या घरी करता येते.

मात्र नवशिके लोक या कामाकडे स्क्रू सोडवण्याचे काम म्हणून पाहतात आणि तिथेच चुकतात. हे काम मुळात भार पेलण्याचे आहे. कोणताही स्क्रू सैल करण्यापूर्वी, तो सुटल्यावर काचेचे वजन कशावर येणार आणि ती कोण धरणार, या प्रश्नाचे उत्तर तयार असले पाहिजे. पुढील सर्व सूचना याच एका प्रश्नाच्या आधारे दिल्या आहेत.

काच कोणती आहे, हे आधी ओळखावे

दरवाजाच्या चारही कोपऱ्यांत फिकट कोरलेला छोटा शिक्का आहे का, ते पाहावे. कडक केलेल्या काचेवर, म्हणजेच आपल्याकडे ज्याला टफन ग्लास म्हणतात तिच्यावर, बहुधा उत्पादकाचे चिन्ह असते आणि कित्येकदा भारतीय मानक आयएस २५५३ याचा उल्लेखही असतो. क्षारांच्या थराखाली हा शिक्का दडलेला असू शकतो, म्हणून कोपरे ओल्या फडक्याने पुसून, विजेरी तिरपी धरून पाहावे. शिक्का सापडला नाही, तर आणखी एक उपाय आहे. उन्हाचा पोलराइज्ड चष्मा लावून, खिडकीतून येणाऱ्या उजेडात काचेकडे तिरक्या नजरेने पाहिल्यास टफन काचेत ठिपक्यांची किंवा पट्ट्यांची नक्षी दिसते. ही नक्षी म्हणजे काच तापवून तिच्यावर थंड हवेचे झोत मारताना उमटलेली खूण होय.

ही ओळख का पटवायची, ते समजून घ्यावे. टफन काच ६०० अंश सेल्सिअसच्याही वर तापवून एकदम थंड केलेली असते, त्यामुळे तिचा पृष्ठभाग दाबाखाली आणि गाभा ताणाखाली असतो. समोरून बसलेला साधारण धक्का ती सहज सोसते, पण तिची कड आणि कोपरे नाजूक असतात. कोपऱ्यावर फरशीचा नुसता टोला बसला तरी संपूर्ण काच क्षणात ज्वारीएवढ्या दाण्यांत विखरते. साध्या काचेचे वागणे याच्या उलट असते. ती तडकते, पण तिचे लांब, सुरीसारखे तुकडे होतात आणि खरा घात तेच करतात. अ‍ॅल्युमिनियमच्या जुन्या चौकटींत ५ मिलिमीटरची साधी, दुधी किंवा दाणेदार काच सर्रास आढळते. काही ठिकाणी तर काचेऐवजी अ‍ॅक्रिलिकचा पत्रा असतो. त्यावर बोटाने टिचकी मारली की प्लास्टिकचा बद्द आवाज येतो. असे असेल तर आपले अर्धे काम हलके झाले असे समजावे.

वजनाचा हिशेब सोपा आहे. काचेच्या दर चौरस मीटरमागे आणि दर मिलिमीटर जाडीमागे अडीच किलो धरावे. अडीच फूट रुंद आणि साडेसहा फूट उंच पल्ल्याचे क्षेत्रफळ सुमारे दीड चौरस मीटर भरते, म्हणजे ८ मिलिमीटरच्या काचेचे वजन ३० किलो, १० मिलिमीटरच्या काचेचे सुमारे ३८ किलो आणि १२ मिलिमीटरच्या काचेचे ४५ किलो होते. सिमेंटच्या पोत्यापेक्षा हे कमी वाटेल, पण पोते मिठीत घेता येते, खांद्यावर टाकता येते आणि हातातून सुटले तरी फार तर फाटते. माझ्या मते ४० किलोंहून जड काच, आधीच तडा गेलेली काच, छतापर्यंत गेलेली काच आणि फरशीत पुरलेल्या खुंटावर फिरणारा दरवाजा ही कामे काचवाल्या कारागिराकडेच सोपवावीत. त्याच्याकडे काच उचलण्याचे व्हॅक्यूम कप असतात आणि जड काच वळवण्याची त्याच्या हाताला सवय असते.

तयारी

आदल्या रात्रीपासून न्हाणीघर वापरू नये, कारण ओल्या फरशीवर उभे राहून काच उचलणे हा उघड धोका आहे आणि ओलसर सिलिकॉनवर सुरीही घसरते. दुपारी वीज जाण्याचा संभव असेल, तर चार्ज केलेली विजेरी जवळ ठेवावी. गिझरची कळ बंद करून त्याचा एमसीबीही खाली पाडावा. भिंतीत छिद्र पाडण्याची वेळ बहुधा येणार नाही, पण आली तर नळाच्या आणि शॉवरच्या सरळ रेषेत वर, खाली किंवा आडवे भोक पाडू नये, कारण आतून गेलेले पाइप बहुतेक त्याच रेषेत असतात.

सर्वात आधी नाहणी ट्रॅपची जाळी चिंधीने बंद करून तिच्यावर चिकटपट्टी लावावी. ही बारीक गोष्ट वाटते, पण स्क्रू, सिलिकॉनचे धागे आणि काचेचे दाणे आत गेले तर पुढे प्लंबरला बोलवावे लागते. त्यानंतर फरशीवर गोणपाट आणि त्यावर जुनी सतरंजी अंथरावी. काच बाहेर नेऊन जिथे ठेवायची आहे ती जागाही आताच तयार करावी. भिंतीला टेकवून गोधडी लावावी, तिच्यापुढे जमिनीवर दोन लाकडी पट्ट्या ठेवून त्यांवरही गोणपाट टाकावे आणि काच किंचित तिरपी उभी राहील अशी व्यवस्था करावी. काच उघड्या फरशीवर कधीही टेकवू नये, कारण फरशी आणि काच यांची गाठ पडली की कडेचा टवका उडतो. काच आडवी झोपवूनही ठेवू नये. न्हाणीघराच्या दारापासून या जागेपर्यंतची वाट मोकळी करून ठेवावी आणि लहान मुलांना तेवढा वेळ शेजाऱ्यांकडे पाठवावे.

हत्यारे फार लागत नाहीत. चांगल्या टोकाचे पेचकस, एलन कीचा संच, नव्या पात्यांचा कटर, रंगारी लांबी (पुट्टी) भरायला वापरतात ती पातळ पट्टी, पक्कड, हॅक्सॉ, लाकडी पाचरी आणि रुंद चिकटपट्टी एवढे पुरते. अंगावर मात्र पूर्ण बाह्यांचा सदरा, बंद बूट, काप न लागणारे जाड हातमोजे आणि बाजूनेही झाकलेला सुरक्षा-चष्मा असलाच पाहिजे. चपला घालून हे काम करू नये. काच फुटली की दाणे सर्वात आधी पायांकडेच येतात.

काचेच्या दोन्ही बाजूंनी रुंद चिकटपट्टीच्या फुल्या माराव्यात. त्यामुळे काच फुटणे थांबत नाही, पण फुटल्यास तुकडे पसरण्याऐवजी बऱ्याच अंशी एकत्र राहतात. क्षार बसलेल्या काचेवर पट्टी नीट चिकटत नाही, म्हणून तेवढा भाग आधी पुसून कोरडा करावा.

क्षार आणि गंज: खरा वेळ इथे जातो

मराठवाड्यात हे काम लांबते ते काचेमुळे नव्हे, तर पाण्यामुळे. बोअरच्या जड पाण्यातील कॅल्शियम आणि मॅग्नेशियमचे क्षार स्क्रूच्या खाचेत, बिजागरीच्या फटीत आणि खालच्या ट्रॅकमध्ये दगडासारखे साचतात. बारकाईने पाहिल्यास स्क्रूच्या डोक्यावरची चौकडी खाच बुजून तिथे पांढरी टिकली तयार झालेली दिसते. त्या टिकलीवर पेचकस टेकवून जोर लावला की टोक निसटते आणि खाच कायमची गुळगुळीत होते. म्हणून घाई करू नये. टोकदार खिळ्याने किंवा दाभणाने खाच आधी खरवडून घ्यावी.

किराणा दुकानात मिळणारे लिंबूसत्त्व इथे उत्तम काम करते. एक लिटर कोमट पाण्यात दोन-तीन मोठे चमचे लिंबूसत्त्व विरघळवून त्यात कापसाचे किंवा चिंधीचे बोळे भिजवावेत आणि ते प्रत्येक स्क्रूवर अर्धा तास दाबून ठेवावेत. क्षार फसफसून सुटू लागतात. ते पुसून, कोरडे करून मग गंज सोडवणारे तेल फवारावे आणि आणखी थोडा वेळ थांबावे. तथापि फरशी शहाबादी, कोटा किंवा संगमरवरी असेल, तर लिंबूसत्त्वाचे थेंब तिच्यावर पडू देऊ नयेत. हे दगड स्वतःच चुनखडीच्या जातीचे असल्याने आम्लाने त्यांची झिलई जाते. ग्रॅनाइटच्या आणि सिरॅमिक टाइल्सच्या बाबतीत ही भीती तुलनेने कमी आहे.

फरशी धुण्याचे बाजारातील तेजाब मात्र इथे वापरू नये. हायड्रोक्लोरिक आम्ल अ‍ॅल्युमिनियमवर आणि क्रोमच्या मुलाम्यावर तुटून पडते, त्यातून निघणारा वायू बंद न्हाणीघरात कोंडतो आणि स्क्रू सुटण्याऐवजी आणखी जाम होतो. टाकीत टाकण्यासाठी बहुतेक घरांत ब्लीचिंग पावडर असते. ती आणि तेजाब एकत्र आल्यास क्लोरीन वायू तयार होतो आणि तो जीवघेणा ठरू शकतो. या दोन वस्तू एका वेळी एका खोलीत असूच नयेत.

पेचकसाला स्क्रू दाद देत नसेल, तर तो आधी किंचित घट्ट करण्याचा प्रयत्न करावा आणि नंतर सैल करावा. या उलट हिसक्याने गंजाची पकड बऱ्याचदा तुटते. खाच पूर्ण झिजली असेल, तर डोक्याच्या मध्यभागी खूण करून आधी बारीक आणि मग जाड ड्रिलने डोके उडवावे. फक्त हे काम काच जागेवरून काढल्यानंतर, रिकाम्या चौकटीवर करावे. काच जागेवर असताना चौकटीवर ड्रिल किंवा हातोडी चालवणे म्हणजे तिची कड ठोकण्यासारखेच आहे.

सरकता दरवाजा

सरकत्या दरवाजांचे दोन प्रकार आढळतात. पहिल्यात पल्ला वरच्या रुळावर चाकांनी टांगलेला असतो आणि खाली केवळ दिशा देणारा लहान मार्गदर्शक असतो. दुसऱ्यात खिडकीप्रमाणे चाके खाली असतात आणि वर खोल खाच असते. स्थानिक अ‍ॅल्युमिनियम फॅब्रिकेटरने खिडकीचेच सेक्शन वापरून बनवलेले आडोसे बहुधा दुसऱ्या प्रकारचे असतात. दोन्ही प्रकारांत पल्ला आधी वर उचलावा लागतो, हे लक्षात ठेवावे.

टांगलेल्या पल्ल्याच्या बाबतीत खालचा मार्गदर्शक आधी सोडवावा. काही दरवाजांत चाकाशेजारी पल्ला उडी मारू नये म्हणून एक छोटी अडकवणी असते, तीही सैल करावी. दोघांनी पल्ल्याच्या दोन उभ्या कडांना, कमरेच्या आणि छातीच्या उंचीवर एकेक हात ठेवून धरावे, एकाच्या तोंडी इशाऱ्यावर सरळ वर उचलावे, चाके रुळाच्या ओठावरून बाहेर आली की खालची कड आतल्या बाजूला घ्यावी आणि मग पल्ला हळूच खाली उतरवावा. खिडकीच्या प्रकारात पल्ला वरच्या खाचेत पूर्ण ढकलून खालची कड रुळाबाहेर काढावी लागते. क्षार साचल्यामुळे पल्ला वर जात नसेल, तर वरची खाच लिंबूसत्त्वाच्या पाण्याने मोकळी करावी, पण खालून पहार घालून उचकटू नये.

मूठ धरून काच उचलण्याचा मोह आवरावा. मुठीसाठी पाडलेली भोके हा काचेचा कमकुवत भाग असतो आणि पूर्ण वजन त्या दोन भोकांवर आले की काच तिथूनच दगा देते.

बिजागरीचा दरवाजा

चौकट नसलेल्या जाड काचेच्या दरवाजाला भिंतीत पक्क्या केलेल्या पितळी बिजागऱ्या असतात. प्रत्येक बिजागरीची एक पट्टी भिंतीला स्क्रूंनी बसवलेली असते आणि दुसरी बाजू काचेला दोन्हीकडून चिमटा घेते. नवशिके लोक चिमट्याचे स्क्रू आधी सोडवतात. ते टाळावे. भिंतीकडील स्क्रू सोडवून बिजागरी काचेसकट काढणे अधिक सुरक्षित असते. त्यामुळे काचेवरचा रबर आणि दाब जसाच्या तसा राहतो आणि जाम झालेल्या चिमट्याशी काच उभी असताना झगडावे लागत नाही. चिमटा नंतर, काच बाहेर गोणपाटावर सुरक्षित टेकल्यानंतर सावकाश सोडवता येतो.

भिंतीकडील स्क्रूंना हात लावण्यापूर्वी पल्ला उघड्या स्थितीत, जिथून काढायला सोयीचे पडेल तिथे थांबवावा आणि त्याच्या खालच्या कडेखाली दोन ठिकाणी लाकडी पाचरी सरकवाव्यात. पाचर आणि काच यांच्यामध्ये पुठ्ठा ठेवावा. पाचरी हलकेच ठोकाव्यात, काचेला मात्र हातोडी लागू देऊ नये. पल्ला अगदी किंचित उचलल्यासारखा वाटला, म्हणजे भार बिजागऱ्यांवरून पाचरींवर आला. पण पाचरी फक्त वजन पेलतात, तोल सांभाळत नाहीत. म्हणून दुसऱ्या माणसाने पल्ला दोन्ही हातांनी सरळ धरून ठेवावा आणि पहिल्या माणसाचे काम पूर्ण होईपर्यंत हात काढू नये.

आता खालच्या बिजागरीचे स्क्रू काढावेत आणि त्यानंतर वरच्या बिजागरीचे. हा क्रम महत्त्वाचा आहे. वरची बिजागरी शेवटपर्यंत जागेवर असली, तर काच पुढे झुकत नाही. वरचा शेवटचा स्क्रू बाहेर काढण्यापूर्वी तो केवळ सैल करून थांबावे, दोघांनी काच धरावी आणि मगच तो पूर्ण काढावा. एवढ्यात फोन वाजला तर वाजू द्यावा.

स्थिर काच

दरवाजाशेजारची न हलणारी काच काढणे हा या कामाचा सर्वात कठीण भाग असून त्याला निम्मा वेळ द्यावा लागतो. ही काच अ‍ॅल्युमिनियमच्या यू आकाराच्या पट्टीत सिलिकॉनने बसवलेली असते आणि वरच्या बाजूला तिला भिंतीशी जोडणारा आधाराचा दांडा असतो. हा दांडा शेवटी काढायचा आहे, आधी नव्हे. तो सुटला की काच पत्त्यासारखी डुलू लागते.

प्रथम आतल्या आणि बाहेरच्या बाजूने सिलिकॉनची रेघ कापावी. पात्याची चपटी बाजू काचेला समांतर ठेवावी, एका फटक्यात खोल कापण्याऐवजी त्याच रेषेवरून हलका हात तीन-चार वेळा फिरवावा आणि बोथट होताच पाते बदलावे. बोथट पात्यावर जास्त जोर द्यावा लागतो आणि तोच जोर बोटांवर येतो. भिंत आणि काच यांच्या फटीत कटर पोचत नसेल, तर बारीक पोलादी तार उपयोगी पडते. तारेच्या दोन्ही टोकांना लाकडाच्या मुठी बांधून, एकाने आतून आणि दुसऱ्याने बाहेरून करवत ओढल्यासारखी ती वरून खाली चालवली की सिलिकॉन कापले जाते. काच आणि पट्टी यांच्यामध्ये रबराची गोट असेल, तर तिचे एक टोक पकडीने धरून ती पूर्ण ओढून काढावी. त्यामुळे काचेला हलायला जागा मिळते.

सर्व बाजू मोकळ्या झाल्याची खात्री करण्यासाठी काचेच्या वरच्या भागाला तळहाताने अगदी हलका दाब द्यावा. ती पट्टीत केसभर हलली, तर सिलिकॉन सुटले आहे. मुळीच हलली नाही, तर कुठेतरी पकड शिल्लक आहे आणि ती शोधल्याशिवाय पुढे जाऊ नये. इथे जबरदस्ती करणारा माणूसच काच फोडतो. खात्री पटल्यावर दुसऱ्याने काच धरावी, पहिल्याने दांडा सोडवावा, मग दोघांनी मिळून काच भिंतीपासून दूर आणि किंचित वर अशी अलगद हलवत पट्टीतून बाहेर काढावी. खालच्या पट्टीत काचेखाली प्लास्टिकचे छोटे ठोकळे असतात, ते पायाखाली येणार नाहीत याकडे लक्ष द्यावे.

बाहेर नेताना काच उभीच धरावी, पुढच्याने पाठमोरे न चालता कडेने चालावे आणि दाराच्या चौकटीशी थांबून कोपरे पाहूनच पुढे जावे. काच हातातून निसटू लागली, तर ती पकडण्यासाठी झेप घेऊ नये. मागे सरावे आणि ती पडू द्यावी. काच पुन्हा विकत आणता येते.

चौकट आणि खालचा ट्रॅक

काच गेल्यावर उरलेले काम सोपे आहे, पण टाइल्स वाचवायच्या असतात. वरचा रूळ बहुधा उभ्या पट्ट्यांवर टेकलेला किंवा कोपऱ्यात स्क्रूने जोडलेला असतो, तो आधी उतरवावा. उभ्या पट्ट्यांचे स्क्रू नजरेस पडत नसतील, तर रबराच्या बंपरखाली किंवा दाबून बसवलेल्या झाकणपट्टीखाली शोधावेत. सगळे स्क्रू निघाल्यावरही पट्टी भिंतीला चिकटून राहते, कारण मागे सिलिकॉन असते. कटरने दोन्ही कडा कापून लांबीची पट्टी मागे सरकवावी आणि वरून खाली थोडे थोडे सोडवत यावे. पेचकस घालून उचकटायचे असेल, तर टाइलवर लाकडाची फळी ठेवून तिच्यावर टेकू द्यावा. थेट टाइलवर टेकू दिला की तिचा कोपरा उडतो आणि जुन्या डिझाइनची टाइल बाजारात मिळत नाही.

खालचा ट्रॅक बहुतेकदा स्क्रूंशिवाय, केवळ सिलिकॉनवर आणि वर्षानुवर्षांच्या क्षारांवर बसलेला असतो. तो अखंड उपटण्याचा खटाटोप करू नये. हॅक्सॉने मधोमध जवळजवळ तळापर्यंत कापावा, शेवटचा मिलिमीटर न कापता वाकवून तोडावा, म्हणजे खालच्या ग्रॅनाइटवर चरा पडत नाही. मग दोन्ही तुकडे मधूनच उचलून, कापलेल्या टोकाकडून भिंतीकडे सोडवत जावेत. अ‍ॅल्युमिनियमची कापलेली धार सुरीसारखी असते, म्हणून हातमोजे अजूनही काढू नयेत.

ट्रॅक स्क्रूंनी बसवलेला निघाला, तर त्या प्रत्येक भोकाची नोंद ठेवावी. ती भोके उंबऱ्यातील वॉटरप्रूफिंग भेदून गेलेली असतात आणि पुढे खालच्या मजल्यावर ओल आली, तर तिचे मूळ तिथेच सापडते.

भोके, डाग आणि उतार

भिंतीत राहिलेल्या प्लास्टिकच्या गिट्ट्या काढण्यासाठी तोच स्क्रू दोन-तीन आटे आत फिरवावा आणि स्क्रूचे डोके पकडीत धरून सरळ ओढावे. गिट्टी तुटलीच, तर ती आत ठोकून वरून भरून घेतली तरी चालते. भोकांतली धूळ उडवून ती पूर्ण वाळू द्यावीत. नुसते पांढरे सिमेंट भरण्याची आपल्याकडे सवय आहे, पण ते पाणी शोषते आणि काही दिवसांनी काळे पडते. ओल्या जागेत इपॉक्सी ग्राउट भरणे केव्हाही चांगले. तो टाइलच्या रंगाशी जुळणारा मिळतो. उंबऱ्यातील भोकांसाठी तर इपॉक्सीशिवाय दुसरा विचार करू नये.

जुने सिलिकॉन खरवडल्यानंतर एक चिकट, पारदर्शक थर उरतो. मिनरल टर्पेंटाइनमध्ये भिजवलेले फडके काही वेळ ठेवून, मग प्लास्टिकच्या पट्टीने तो काढावा आणि या वेळी खिडकी उघडी ठेवावी. नव्याने सिलिकॉन लावायचे असल्यास हा थर पूर्ण जाणे आवश्यक आहे, कारण नवे सिलिकॉन जुन्यावर धरत नाही. संगमरवर किंवा शहाबादीवर लावायचे असेल, तर दुकानात न्यूट्रल सिलिकॉन मागावे. लावताना आंबूस, व्हिनेगरसारखा वास येणारे सिलिकॉन चुनखडीच्या दगडाला डाग पाडते.

चौकटीखालची टाइल आजूबाजूच्या टाइल्सपेक्षा उजळ दिसेल. हा फरक तिच्या नवेपणाचा नसून इतर टाइल्सवर बसलेल्या क्षारांचा असतो. सिरॅमिक टाइल्स असतील, तर तेच लिंबूसत्त्वाचे पाणी इतर टाइल्सवर वापरल्यास तो बराच कमी होतो.

आडोसा गेल्यामुळे पाणी आता मोकळे पसरणार, म्हणून फरशीचा उतार तपासून घ्यावा. इपॉक्सी वाळल्यानंतर एक बादली पाणी जुन्या ट्रॅकच्या जागेवर हळूहळू ओतावे आणि ते नाहणीकडे जाते की दाराकडे, ते पाहावे. दुसऱ्या दिवशी पलीकडच्या भिंतीवर आणि सदनिका असल्यास खालच्या घराच्या छतावर ओल आहे का, याची चौकशी करावी. ज्येष्ठांच्या सोयीसाठी उंबराही काढायचा असेल, तर ते काम गवंड्याचे आहे आणि त्यासोबत वॉटरप्रूफिंग नव्याने करावे लागते. तो नुसता फोडून टाकू नये. त्याच जागी आधाराचा दांडा बसवायचा असल्यास जुन्या भोकांत तो बसवू नये. सैल झालेली भोके माणसाचा भार पेलत नाहीत.

निघालेल्या सामानाचे काय करावे

अ‍ॅल्युमिनियमच्या पट्ट्या रबर, स्क्रू आणि सिलिकॉन काढून भंगारवाल्याला दिल्यास किलोमागे बरा भाव मिळतो. पितळी बिजागऱ्या वेगळ्या काढून वेगळ्या विकाव्यात, कारण पितळेचा भाव निराळा असतो. मुलामा पाहून त्या लोखंडी समजल्या जाऊ नयेत, म्हणून चुंबक लावून दाखवावा. शुद्ध पितळेला तो चिकटत नाही.

अखंड निघालेली काच फॅब्रिकेटरला विचारून पाहावी. टफन काच नंतर कापता येत नाही आणि तिला भोकही पाडता येत नाही, त्यामुळे ती आहे त्याच मापात कुणाला उपयोगी पडली तरच जाते. टेबलावर घालण्यासाठी द्यायची असेल, तर बिजागरीसाठी कापलेल्या खाचा तिच्यात राहणार, हे घेणाऱ्याला आधीच सांगावे. साधी काच मात्र कोणताही काचवाला कापून छोट्या खिडक्यांसाठी वापरू शकतो.

फुटलेली काच हाताने वेचू नये. मोठे तुकडे चिमट्याने उचलावेत, दाणे ओल्या वर्तमानपत्राने टिपावेत आणि सगळे एकात एक घातलेल्या दोन सिमेंटच्या पोत्यांत भरून तोंड बांधावे. पोत्यावर मोठ्या अक्षरांत ‘फुटलेली काच’ असे लिहावे आणि ते घंटागाडीत परस्पर न टाकता, आत काय आहे ते सफाई कर्मचाऱ्याला तोंडी सांगून त्याच्या स्वाधीन करावे. सतरंजी आणि गोणपाट अंगणात उन्हात झटकताना बूट पायात असू द्यावेत. नाहणीच्या जाळीवरची चिंधी सर्वात शेवटी, फरशी दोनदा पुसून झाल्यावर काढावी.